नोट्स लिहिता आल्या नाहीत म्हणून कोणाचे शिक्षण थांबू नये

(विहाराच्या वर्धापन दिन समारंभात सीताबर्डी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 

समितीची मंडळी निमंत्रण द्यायला घरी आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, विषय तुम्हीच ठरवा, फक्त पोरांच्या कामी येईल असा ठरवा." मी विषय सांगितला तेव्हा त्यांना जरा नवल वाटले. म्हणाले, "नोट्स घेण्यावर भाषण?" मी म्हटले, हो, नोट्स घेण्यावरच. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही किंवा हाताने भरभर लिहिता येत नाही, त्या मुलांनी कॉलेजात नोट्स कशा घ्यायच्या, त्यासाठी आज कोणती साधने आहेत, आणि त्यात आपले विहार काय करू शकते, एवढेच मला सांगायचे आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

मी पस्तीस वर्षे ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला. आमची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. आधी समजावून सांगायचे, मग तासाच्या शेवटी नोट्स सांगायच्या आणि मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या. १९९३ सालची गोष्ट आहे. माझ्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. तोंडी विचारले तर महाडच्या सत्याग्रहापासून पुणे करारापर्यंत सगळे सालांसकट सांगायचा. वही मात्र कोरी. चार ओळी लिहिल्या असल्या तर अक्षरे एकमेकांवर चढलेली, काना-मात्रांचा पत्ता नाही. एक दिवस मी त्याची वही सगळ्या वर्गासमोर उघडून दाखवली आणि म्हटले, "लिहायचा एवढा कंटाळा आहे तर कॉलेजात आलास कशाला?" वर्ग हसला. मीही हसले असेन.

चार दिवसांनी त्याची आई भेटायला आली. बर्डीच्या बाजारात भाजीचे दुकान लावणारी बाई. ती म्हणाली, "मॅडम, पोट्टं हुशार आहे हो. सारं ध्यानात ठेवते. पन त्याच्या हाताले लिवनं जमत नाही." मी तिला सांगितले की सरावाने जमेल, रोज दोन पाने शुद्धलेखन काढायला सांगा. त्या वर्षी तो मुलगा लेखी परीक्षेत नापास झाला आणि पुन्हा कॉलेजात आला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी प्रथमच ऐकले की, असा एक त्रास असतो. बुद्धी चांगली असते, पण मनातले कागदावर उतरवणे हाताला जमत नाही. त्याला डिसग्राफिया म्हणतात. वाचताना अक्षरांचा गोंधळ होतो त्याला डिसलेक्सिया म्हणतात. हा आळस नाही, आईबापांचा दोषही नाही. ते ऐकताना तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या अशा मुलांना सवलती मिळायला सुरुवात झाली ती १९९६ साली. माझा विद्यार्थी त्याच्या तीन वर्षे आधी घरी बसला होता.

तो मला नंतर भेटला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे दुकान लावून बसला होता. गिऱ्हाइकाला प्रत्येक पुस्तकात काय आहे ते तोंडी सांगत होता. मला पाहून उठून उभा राहिला. "मॅडम, जयभीम. तुम्ही शिकवलेला पुणे करार मला अजून पाठ आहे." मित्रहो, त्या दिवशी मला त्याच्याकडे नीट पाहता आले नाही. आजचे हे भाषण मी त्याच्यासाठी करते आहे असे समजा.

आता मी तुम्हाला चूळपंथकाची गोष्ट आठवून देते. वर्षावासात भंतेजींनी ती अनेकदा सांगितली आहे. चूळपंथक आपला थोरला भाऊ महापंथक याच्यामागे संघात आला. भावाने त्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. पुढची ओळ शिकली की मागची विसरायची. महापंथकाने त्याला सांगितले, तू या कामाचा नाहीस, घरी जा. जीवकाच्या घरच्या भोजनाच्या यादीतूनही त्याला वगळले. बिचारा रडत विहाराबाहेर निघाला तेव्हा तथागतांनी त्याला थांबवले आणि एक स्वच्छ फडके हातात दिले. हे चोळत बस आणि मळ दूर करण्याचा शब्द म्हणत राहा, एवढेच सांगितले. चोळता चोळता पांढरे फडके मळले. जे स्वच्छ होते ते बदलते, हे त्याने स्वतः पाहिले, आणि जे गाथेतून कळत नव्हते ते फडक्यातून कळले. तो अर्हत झाला.

लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आले. परंतु तिच्यातला महापंथक मीच आहे, हे मला फार उशिरा कळले. महापंथक दुष्ट नव्हता, विद्वान होता. त्याला शिकवण्याची एकच रीत माहीत होती, आणि त्या रीतीत जो बसत नाही तो मंद, असे त्याने ठरवून टाकले. तथागतांनी धम्म सोपा केला नाही, कमीही केला नाही. साधन बदलले. आजच्या भाषेत बोलायचे तर ते फडके म्हणजे चूळपंथकाचे सहाय्यक साधन होते.

कोणी म्हणेल, मॅडम, नोट्सचे एवढे काय? गाइड मिळते, पुस्तक मिळते. पण आपल्या घरांचा विचार करा. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाते, त्या घरात पुस्तकांचे कपाट नसते. महागडी शिकवणी परवडत नाही. इंग्रजी पुस्तक मिळाले तरी समजावून सांगणारे कोणी नसते. अशा मुलासाठी प्राध्यापक वर्गात जे बोलतात तेच पुस्तक असते, आणि ते त्याच्या वहीत उतरले तरच त्याच्या घरी येते. ज्याच्याकडे बाकी सगळे आहे त्याच्या चार नोट्स बुडाल्या तर फरक पडत नाही. आपल्या मुलाची वही कोरी राहिली तर त्याचे वर्ष कोरे जाते. दोस्ताच्या वहीची झेरॉक्स काढता येते हे खरे. पण दोस्ताने काय गाळले ते कळत नाही, आणि दरवेळी हात पसरायची मुलाला लाज वाटू लागते.

ऐकलेले जपून ठेवणे ही तर आपली परंपराच आहे. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी सुत्ते सांगितली आणि उपालींनी विनय सांगितला. पुढे काही शतके सगळे तिपिटक भिक्खूंच्या मुखी होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि लढाया झाल्या. पाठ असणारे भिक्खू गेले तर धम्मही जाईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा ते ताडपत्रांवर लिहून काढले गेले. त्या भिक्खूंनी असे म्हटले नाही की, लिहिले तर पाठांतराची किंमत कमी होईल. गरज पडली तेव्हा त्यांनी नवे साधन हाती घेतले.

आणि दूर कशाला जायचे? १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब आपल्या बर्डीच्याच श्याम हॉटेलात उतरले होते. १४ तारखेला दीक्षा झाली. १५ तारखेला त्यांनी लाखोंच्या समुदायासमोर मोठे भाषण केले, आणि नागपूरच का निवडले हेही त्यात सांगितले. त्या समुदायात लिहिता येणारे किती असतील? तरीही ते भाषण कागदावर उतरले, २७ ऑक्टोबरच्या 'प्रबुद्ध भारत'मध्ये छापून आले, म्हणून आज आपण ते वाचतो. ऐकलेले टिपून ठेवणाऱ्या माणसांचे आपल्यावर केवढे ऋण आहे पाहा.

खुद्द बाबासाहेबांचे शेवटचे दिवस आठवा. मधुमेहाने शरीर पोखरले होते, नजर मंदावली होती. त्या काळात नानकचंद रत्तू आपली सरकारी नोकरी सांभाळून त्यांच्याकडे येत आणि टंकलेखन करून देत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्या मदतीने पूर्णत्वास गेला. दुसऱ्याच्या हाताने आणि यंत्रावर टाइप झाला म्हणून तो ग्रंथ बाबासाहेबांचा नाही, असे कोणी म्हणेल काय? मग आपले एखादे पोर फोनच्या मदतीने नोट्स घेते, तेव्हा ती फसवणूक कशी काय होते?

आता साधनांकडे वळू. आधी अंध मुलांचे पाहू. फ्रान्समध्ये १८०९ साली जन्मलेला लुई ब्रेल लहानपणी अपघाताने अंध झाला. त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आपल्याकडे १९५१ पासून भारती ब्रेल आहे. मराठी असो, हिंदी असो की तमिळ, 'क' या उच्चाराला ठिपके तेच. वर्गात ब्रेलमध्ये लिहायचे तर एक पाटी लागते, जाड कागद लागतो आणि टोचणीसारखी लेखणी लागते. ठिपके मागच्या बाजूने टोचायचे असल्यामुळे उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते, आणि कागद पलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या अंध विद्यालयात जाऊन पाहा, लहान मुले हे किती सफाईने करतात. पण कॉलेजात प्राध्यापक भरभर बोलतात. एकेक ठिपका टोचणारा मुलगा मागे पडतो, आणि टोचण्याचा आवाज शेजाऱ्याला खटकतो. ब्रेलचा टाइपरायटर जलद असतो, पण तो जड, महाग आणि आवाज करणारा.

मग टेपरेकॉर्डर आला. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत टेप घेऊन बसणारे एकदोन अंध विद्यार्थी मी पाहिले आहेत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तास अर्ध्यावर आला की खट् आवाज व्हायचा आणि कॅसेट उलटी करेपर्यंत दोन वाक्ये जायची. शिवाय पाच तासिका टेप केल्या की रात्री पाच तासिका पुन्हा ऐकायच्या. त्यातली एक व्याख्या शोधायची तर टेप पुढेमागे करत बसायचे. आवाज साठवून ठेवला म्हणजे नोट्स झाल्या असे नाही, हे ती मुले मला सांगायची.

आज परिस्थिती फार बदलली आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम तयार करायला घेतला. संगणकाच्या पडद्यावर जे असते ते तो बोलून दाखवतो. मराठीही वाचतो. आवाज जरा यंत्रासारखा आहे, पण सवय झाली की मुले तो दुप्पट वेगाने ऐकतात. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो फुकट आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची अशीच सोय आधीपासून असते, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. अंध विद्यार्थी कानात एक इयरफोन घालून, एक कान प्राध्यापकांकडे ठेवून आपल्या नोट्स स्वतः टाइप करू शकतो. मग त्यात एखादा शब्द शोधायचा असेल तर क्षणात सापडतो. कॅसेटमध्ये हे होत नव्हते.

दुसरी गोष्ट, बोलून लिहिण्याची. गुगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठीसह काही भारतीय भाषांसाठी ही सोय दिली. आपण बोलायचे आणि फोनने लिहायचे. ज्या मुलाच्या डोक्यात सगळे आहे पण हात चालत नाही, त्याच्यासाठी हे फडकेच आहे म्हणा ना. मात्र वर्गात प्राध्यापक बोलत असताना आपण बोलू शकत नाही. म्हणून अशा मुलाने वर्गात फक्त मुद्द्याचे शब्द लिहावेत, परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करावा, फळ्याचा फोटो घ्यावा, आणि संध्याकाळी आपल्या शब्दांत बोलून नोट्स तयार कराव्यात. एक साधी युक्ती सांगते, तिला पैसा लागत नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून किती मिनिटे झाली तो आकडा वहीच्या समासात लिहायचा. 'पुणे करार, १२' असे लिहिले की घरी थेट बाराव्या मिनिटावर जाता येते. सगळा तास पुन्हा ऐकायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, ज्यांना ऐकू येत नाही त्यांची. २०१९ च्या फेब्रुवारीत लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचे अ‍ॅप आले. समोरचा माणूस बोलतो आणि त्याचे शब्द अक्षरांत फोनवर उमटत जातात. मराठीही येते. हे कसे चालते ते आपल्या विहारातच आम्ही पाहिले आहे. आपल्या अभ्यासिकेत बी.ए.ला शिकणारी एक मुलगी येते. तिची परवानगी घेऊनच सांगते. तापाच्या आजारानंतर तिचे ऐकणे कमी झाले. ओठांवरून ती पुष्कळ समजून घेते, पण प्राध्यापक फळ्याकडे वळले की तिचे सगळे तुटते. मागच्या वर्षावासात तिला भंतेजींच्या आसनाला लागून बसवले आणि फोन मधल्या चौरंगावर ठेवला. पाली शब्द आले की फोन काहीच्या बाही लिहायचा, तेव्हा भंतेजींसकट आम्ही सगळे हसलो. पण मराठी बोलणे बऱ्यापैकी उतरले. प्रवचन संपल्यावर ती म्हणाली, "आजपर्यंत मला प्रवचनात भंतेजींचे फक्त ओठ दिसायचे. आज ते काय बोलले ते कळले."

तिच्या वर्गात मात्र पहिल्याच दिवशी फोन बंद करायला सांगितले गेले. प्राध्यापकांना वाटले, मुलगी तासात फोन पाहत बसली आहे. तिने अर्ज लिहिला, सोबत प्रमाणपत्र जोडले, आणि तास संपल्यावर त्यांना अ‍ॅप चालवून दाखवले. आता तेच प्राध्यापक वर्गात आले की विचारतात, "चालू झाले का?" मी हे मुद्दाम सांगते. पुष्कळदा समोरच्याला माहिती नसते, म्हणून तो नाही म्हणतो. मलाही १९९३ साली माहिती नव्हती.

या साधनांच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर पालक खर्च करतील आणि निराश होतील. पंख्याचा आवाज, मुलांची कुजबुज, अर्धे इंग्रजी अर्धे मराठी शिकवणे, यात फोन चुकतो. नावे चुकतात, आकडे चुकतात. आपण 'धम्म' म्हटले तर एखादवेळी 'धर्म' लिहून ठेवेल. परीक्षेत तसेच उतरवले तर अर्थच बदलला! म्हणून फोनने जे लिहिले ते त्याच दिवशी वाचून दुरुस्त करावे. बरेचदा इंटरनेट लागते, ते वर्गात मिळेलच असे नाही. फोन बोलणाऱ्याजवळ हवा, म्हणून पहिला बाक हवा, नाहीतर प्राध्यापकांच्या कॉलरला लावायचा छोटा बिनतारी माइक हवा. आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे यंत्र शब्द टिपते, समज टिपत नाही. तासाची पंधरा पाने फोनमध्ये पडून राहिली तर त्या नोट्स नव्हेत. त्यातले दहा मुद्दे स्वतः काढले, तेव्हाच त्या नोट्स होतात. हे काम अंध, बधिर, डोळस, सगळ्यांना सारखेच करावे लागते.

पण मुंबईत काय घडले पाहा. सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक संसाधन केंद्र सुरू झाले. पुस्तके स्कॅन करून संगणकाने वाचता येतील अशी करून द्यायची, बोलणारे संगणक वापरायला शिकवायचे, परीक्षेसाठी लेखनिक मिळवून द्यायचा, अशी कामे तिथे होतात. उल्हासनगरची प्रांजल पाटील याच कॉलेजात शिकली. सहाव्या वर्षी तिची दृष्टी गेली होती. दादरच्या कमला मेहता अंध शाळेतून ती पुढे आली, बोलणाऱ्या संगणकावर पुस्तके ऐकून तिने अभ्यास केला आणि दोनदा केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. २०१७ च्या परीक्षेत ती देशात १२४ वी आली आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. तिची हुशारी तिची स्वतःची. पण ती हुशारी कागदापर्यंत पोहोचण्याचा रस्ता कोणीतरी बांधला होता. आपल्या भाजीवालीच्या मुलासाठी तो रस्ता मी बांधला नाही, एवढाच फरक आहे.

हा रस्ता म्हणजे मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. बाबासाहेबांच्या लेकरांना हे वेगळे सांगायला नको. १९९५ साली अपंगांसाठी पहिला मोठा कायदा झाला, त्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यात अध्ययन-अक्षमताही आली. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना किमान पाच टक्के जागा ठेवाव्या लागतात. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे योग्य ती सोय करून देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. परीक्षेबाबत केंद्र सरकारने २०१८ च्या ऑगस्टमध्ये सूचना काढल्या, त्यात लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. लेखनिक कोण असावा याचे नियम मधून मधून बदलतात, म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच कॉलेजात लेखी विचारून घ्यावे.

आणखी एक निकाल लक्षात ठेवा. विकास कुमार नावाच्या तरुण डॉक्टरला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. अपंगत्व चाळीस टक्के नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, चाळीस टक्के नाहीत एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. पुढे २०२२ साली सरकारने तशा सूचनाही काढल्या. माझ्या त्या विद्यार्थ्याचा त्रास याच जातीचा होता.

पुस्तकांचेही सांगते. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात बदल झाला. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते आवाजात किंवा ब्रेलमध्ये करून देता येते. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचे ऑनलाइन ग्रंथालय आहे. आपल्या किती पालकांना हे माहीत आहे? हात वर करा म्हटले तर मला वाटते दोनचारच वर येतील.

म्हणून शेवटी विहाराकडे येते. आपल्याकडे सभागृह आहे, अभ्यासिका आहे, आणि मुख्य म्हणजे माणसे आहेत. मी समितीपुढे चार गोष्टी ठेवते. पहिली, वस्तीत कॉलेजात जाणारी किंवा कॉलेज सोडून बसलेली अशी मुले किती आहेत, याची घरोघरी जाऊन नोंद करावी. लाजेने घरी बसलेली मुले आपणहून येणार नाहीत. दुसरी, रविवारी दोन तास सुशिक्षित तरुण-तरुणींनी अंध मुलांसाठी पुस्तके स्पष्ट आवाजात वाचून रेकॉर्ड करावीत. ज्या आजींना आणि काकांना वाचता येते, त्यांचाही उपयोग होईल. तिसरी, परीक्षेत लेखनिक म्हणून बसायला तयार असलेल्या मुलांची वही विहारात ठेवावी. परीक्षेच्या आदल्या रात्री लेखनिक शोधत फिरण्याची पाळी कोणावर येऊ नये. चौथी, घरात पडून असलेले चालू फोन दान करावेत, आणि कोणाला प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड, कॉलेजातला अर्ज यांची माहिती हवी असेल तर ती सांगायला दर पौर्णिमेला एक माणूस बसावा. ते काम माझ्याकडे द्या. मी आता निवृत्त आहे, मला वेळ आहे.

याला फार पैसा लागत नाही. आणि हे करताना एक पथ्य पाळू या. त्या मुलांना 'बिचारा' म्हणायचे नाही. तथागतांनी चूळपंथकाला भिक्षा दिली नाही, फडके दिले. करुणा म्हणजे कीव नव्हे. आपल्यासारखाच माणूस, फक्त त्याचे साधन वेगळे, एवढे समजून त्याच्याशी मैत्रीने वागायचे.

पालकांनो, तुमचे मूल हुशार असून वही कोरी राहत असेल तर त्याला मारू नका, आधी विचारा की काय होते. डोळे तपासा, कान तपासा, डॉक्टरांना दाखवा. शिक्षक मंडळींनो, वही कोरी दिसली तर ती वर्गाला दाखवू नका, त्या मुलाला तास संपल्यावर बोलवा. मी जे केले नाही ते तुम्ही करा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाजूला बसलेल्याला लिहिता येत नसेल तर आपली वही त्याने मागण्याआधीच पुढे करा.

माझा तो विद्यार्थी दरवर्षी दीक्षाभूमीवर दुकान लावतो. या वर्षी मी त्याला आजच्या कार्यक्रमाचे निमंत्रण दिले होते. तो आला आहे, मागे दरवाज्याजवळ बसला आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, चूक माझी होती, तुझी नव्हती. रविवारच्या वाचनाची जबाबदारी त्याने घ्यावी अशी माझी विनंती आहे. पुस्तक कसे सांगावे हे त्याच्याइतके चांगले आपल्यात कोणाला येत नाही.

 

नमो बुद्धाय! जयभीम!